राखेचे सिमेंट आणि आमचे पंधरा क्यूब

दिवाळीच्या सुट्टीत मामाच्या गावी गेलो होतो. मामाचे घर बांधायचे काम चालू होते. पाया झालेला, विटा येऊन पडलेल्या, आणि सिमेंटच्या पोत्यावरून मामा आणि मिस्त्री यांची जुंपलेली. मिस्त्रींचे म्हणणे एकच, "त्रेपन्न ग्रेड आणा. ते पीपीसी नको. त्यात राख असती." मामाचे म्हणणे, तालुक्याचा दुकानदार तर सगळ्यांना पीपीसीच देतो, मग गावातली बाकीची घरे काय पडली? शेवटी दोघांनीही माझ्याकडे पाहिले. मामा म्हणाला, "अरे, तू सिव्हिल शिकतोयस न्हवं? मग सांग की. राखेनं भिंत टिकती का?"

मित्रांनो, मी शेवटच्या वर्षाला आहे. पोझोलानाची व्याख्या दुसऱ्या वर्षी पाठ केली होती, तिला मार्कही मिळाले होते. पण "टिकती का?" या दोन शब्दांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. "टिकते की मामा," असे म्हणालो खरा, पण आवाजात दम नव्हता आणि मामाने तो ओळखला. होस्टेलवर परत आल्यावर प्रोजेक्टचा विषय ठरवायची वेळ आली तेव्हा आमच्या चौघांच्या गटात मी हाच विषय लावून धरला: सिमेंटचा काही भाग काढून त्याजागी राख घातली तर मसाल्याच्या, म्हणजे मॉर्टरच्या, ताकदीचे काय होते?

आधी, सिमेंट मुळात काढायचेच कशाला, ते सांगतो. चुनखडी भट्टीत तापली की तिच्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो. शंभर ग्रॅम शुद्ध चुनखडीतून चव्वेचाळीस ग्रॅम वायू जातो आणि छप्पन्न ग्रॅम चुना उरतो. क्लिंकरमध्ये असा चुना साधारण ६५ टक्के असतो. आता अकरावीचे गणित करा: एक टन क्लिंकरमागे पाचशे किलोच्या वर वायू फक्त दगडातूनच निघाला. भट्टी साडेचौदाशे अंश सेल्सियसपर्यंत तापवायला कोळसा जाळावा लागतो, त्याचा धूर वेगळा. दोन्ही मिळून टनामागे साधारण ०.८ ते ०.९ टन. जगात माणसामुळे जेवढा कार्बन डायऑक्साइड निघतो त्यातला सात-आठ टक्के एकट्या सिमेंटचा धरतात. भट्टी कितीही सुधारली तरी दगडातला वायू काही थांबत नाही. म्हणून क्लिंकरच कमी वापरायचे आणि त्याजागी दुसरे काही घालायचे, हा सरळ मार्ग.

ही कल्पना नवी मुळीच नाही. नेपल्सजवळच्या पोझुओली गावची ज्वालामुखीची राख रोमन लोक चुन्यात मिसळत, आणि पोझोलाना हे नाव त्या गावावरूनच आले. आपल्याकडे हेच काम सुरखी करत असे. कमी भाजलेल्या विटांचा भुगा चुन्यात घालून मसाला मळायचा. किल्ल्यांवर ट्रेकला जाता तेव्हा तो गोल दगडी चर आणि त्यातले चाक दिसते ना, तोच चुन्याचा घाणा. अमेरिकेत १९५३ साली पूर्ण झालेल्या हंग्री हॉर्स धरणात औष्णिक केंद्राची फ्लाय ॲश मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. आणि आपल्या घाटघरला तर देशातले पहिले रोलर कॉम्पॅक्टेड काँक्रीटचे धरण झाले. त्या काँक्रीटमध्ये वजनाने सिमेंटपेक्षा फ्लाय ॲश जास्त आहे. मिस्त्रींना हे सांगायला हवे होते, पण त्या दिवशी मलाच ठाऊक नव्हते.

आता राख करते काय? सिमेंटमध्ये पाणी घातले की दोन गोष्टी तयार होतात. एक कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट, म्हणजे तो चिकट गोंद, ज्याच्यावर सगळी ताकद असते. दुसरा कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे साधा विरलेला चुना. घट्ट झालेल्या सिमेंट पेस्टच्या घन भागात आकारमानाने वीस ते पंचवीस टक्के हा चुनाच असतो. त्याचा ताकदीला फारसा उपयोग नाही, उलट पाण्यात तो हळूहळू विरघळून जातो. राखेत असते सिलिका, आणि तीही काचेसारखी, अस्फटिक. ही सिलिका त्या फुकट पडलेल्या चुन्याला पकडते आणि पाण्याच्या साक्षीने त्याचा पुन्हा गोंद करते. मेसमधल्या उरलेल्या भाताचा सकाळी फोडणीचा भात होतो, त्यातलाच प्रकार. मात्र यात दोन अटी आहेत. आधी सिमेंटचे जलीकरण होऊन चुना तयार व्हायला हवा, आणि त्यानंतरही पाणी शिल्लक असायला हवे. या दोन अटी नीट लक्षात ठेवा. आमच्या सगळ्या प्रोजेक्टचा गुंता पुढे इथेच अडकला आणि इथेच सुटला.

राखा आम्ही दोन घेतल्या. फ्लाय ॲशचे एक पोते आरएमसी प्लँटवाल्यांनी दिले. दुसरी उसाच्या चोयट्यांची, म्हणजे बगॅसची राख. आमच्या गटातला एकजण साखर कारखान्याच्या पट्ट्यातला. तो म्हणाला, आमच्याकडे ही राख रस्त्याकडेला ओततात, कोणी विचारत नाही. तो गावाहून येताना एसटीत पोते घेऊन आला. कंडक्टरने विचारले, यात काय? हा म्हणाला, राख. कंडक्टरने चेहरा गंभीर केला आणि लगेजचे पैसे घेतले नाहीत. पंचवीस किलो राख कुणाची असू शकते, हा विचार त्या भल्या माणसाच्या मनात आला नसावा.

पण या प्रेमळ प्रवासात जानेवारी संपला, हे पुढे महागात पडले.

सिमेंट आम्ही ५३ ग्रेडचे साधे ओपीसी घेतले. याचे कारण सांगितले पाहिजे, कारण इथे बरेच गट चुकतात. पीपीसीमध्ये कारखान्यातच १५ ते ३५ टक्के फ्लाय ॲश घातलेली असते. त्यात वरून पुन्हा २० टक्के राख घातली तर नक्की किती राख झाली ते तुम्हाला सांगता येणार नाही, आणि आलेली ताकद कशाची तेही कळणार नाही. बांधकामावरही हेच: पीपीसीच्या पोत्यात कोणी परत राख मिसळायला सांगत असेल तर साफ नाही म्हणावे.

क्यूब ७०.६ मिलिमीटरचे. हा विचित्र आकडा का, असे वायव्हाला हमखास विचारतात. ७०.६ चा वर्ग केला की ४९८४ येतात, म्हणजे एका बाजूचे क्षेत्रफळ जवळजवळ पाच हजार चौरस मिलिमीटर, हिशेबाला सोपे. समजा क्यूब १६५ किलोन्यूटनला फुटला, तर ताकद साधारण ३३ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. एका क्यूबला २०० ग्रॅम सिमेंट आणि ६०० ग्रॅम स्टँडर्ड वाळू. ही वाळू तमिळनाडूतल्या एन्नोरची, तीन जाडींची, प्रत्येकी एक तृतीयांश. लॅबमधले काका ती सोनाराच्या तराजूने मोजल्यासारखी देतात, आणि आम्हाला ती चाळीस किलो लागणार म्हटल्यावर त्यांनी चष्मा काढून आमच्याकडे पाहिले होते.

पाण्याचे सूत्र आयएस ४०३१ च्या सहाव्या भागात दिले आहे: सिमेंट आणि वाळूच्या एकूण वजनाच्या पी भागिले चार अधिक तीन टक्के. पी म्हणजे नॉर्मल कन्सिस्टन्सी. पी जर ३० आला तर साडेदहा टक्के, म्हणजे ८०० ग्रॅमला ८४ ग्रॅम पाणी. सोपे वाटते. पण राख आली की इथेच फसगत होते. सिमेंटची घनता ३.१५, फ्लाय ॲशची साधारण २.२. चाळीस ग्रॅम सिमेंट काढले तर १२.७ घनसेंटिमीटर जागा मोकळी झाली, आणि चाळीस ग्रॅम फ्लाय ॲशने १८ च्या वर जागा घेतली. वजन तेवढेच, पण पेस्ट वाढली. शिवाय फ्लाय ॲशचे कण गोल, छर्र्यांसारखे. ते घरंगळतात, माल मऊ होतो. बगॅस राखेचे कण वेडेवाकडे आणि सच्छिद्र, ते पाणी पिऊन बसतात. म्हणजे तेवढेच पाणी घातले तरी तीन माल तीन तऱ्हेचे होतात. मग तुलना कशी करायची? पोझोलानाच्या चाचण्यांचे आयएस १७२७ यावर दोन उपाय देते: राख घनतेच्या प्रमाणात कमी घ्या, आणि पाणी ठरावीक न घेता फ्लो टेबलवर सगळे माल सारखे पसरतील इतके घ्या. आम्ही वजनानेच बदल केला, पण पाणी मात्र फ्लो टेबलवर ठरवले. हे रिपोर्टमध्ये पहिल्याच पानावर लिहिले. पूर्वीचे तीन-चार रिपोर्ट चाळले, त्यात पाणी कसे ठरवले याची एक ओळही नव्हती. असा आकडा कशाशीही ताडून पाहता येत नाही.

बगॅसची राख पोत्यातून काढली तेव्हा काळीकुट्ट होती. काळा रंग म्हणजे न जळलेला कार्बन. हातात घेतली तर चोयट्यांचे धागे स्पष्ट दिसत. पहिल्या दिवशी उत्साहात तशीच दहा टक्के घातली. माल असा कोरडा आणि हट्टी झाला की थापीला चिकटेना. पाणी वाढवत गेलो. साच्यातून काढलेल्या क्यूबच्या अंगावर देवीचे वण असावेत तशी भोके. सर आले, एक क्यूब हातात घेतला, आणि म्हणाले, "ही राख नाही, हा कचरा आहे. हिची राख करा." त्याचा अर्थ आम्हाला दोन दिवसांनी समजला. आयआयटी मद्रासमध्ये बगॅस राखेवर जे काम झाले आहे त्यात हाच मार्ग दाखवला आहे: ३०० मायक्रॉनच्या चाळणीतून गाळायची म्हणजे न जळलेले धागे वर राहतात, आणि मग सिमेंटइतकी बारीक दळायची. आमच्याकडे बॉल मिल नाही. खडीची झीज मोजायचे लॉस एंजेलिस मशीन आहे, त्यात लोखंडी गोळे असतातच. काकांना बरेच मस्का लावून त्यात राख दळली. चार तास तो गडगडाट. शेजारी सर्व्हेची थिअरी चालू होती, त्या वर्गाची इथे माफी मागतो. बारीक झालेली राख रंगानेही करडी पडली होती. कच्च्या राखेचे क्यूबही टाकून दिले नाहीत, ती वेगळी मालिका ठेवली, म्हणजे फरक दिसेल.

अशा एकूण पाच मालिका झाल्या: साधे सिमेंट, फ्लाय ॲश २० टक्के, फ्लाय ॲश ३० टक्के, कच्ची बगॅस राख १० टक्के, गाळून दळलेली बगॅस राख १० टक्के. प्रत्येकी ७, २८, ५६ आणि ९० दिवसांना तीन तीन क्यूब, म्हणजे साठ. शिवाय साध्या आणि ३० टक्के फ्लाय ॲशचे तीन तीन जादा. हे सहा टाकीत न ठेवता होस्टेलच्या गच्चीवर ठेवायचे, असे मीच सुचवले. शेवटची बॅच ५ फेब्रुवारीला टाकली.

सात दिवसांनी पहिले क्यूब फोडले आणि गटात सुतक पसरले. साध्या सिमेंटच्या मानाने फ्लाय ॲश २० वाले खाली, ३० वाले आणखी खाली, कच्च्या बगॅसचे तर विचारूच नका. रूम पार्टनर म्हणाला, "तुझ्या मामाचा मिस्त्री बरोबर होता. सिव्हिलला ॲडमिशन त्याला द्यायला पाहिजे होती." मीही खचलो होतो. रात्री मेसमध्ये जेवताना मात्र एक साधी गोष्ट लक्षात आली. आम्ही ३० टक्के सिमेंट काढले होते आणि ताकद साधारण तेवढ्याच हिशेबाने घटली होती. म्हणजे सात दिवसांत फ्लाय ॲशने जवळजवळ काहीच केले नव्हते. ती बारीक वाळूसारखी नुसती बसून होती. सात दिवसांचा आकडा राखेचा नसतोच, तो उरलेल्या सिमेंटचा असतो! राखेतली काच विरघळायला आधी चुन्याने तीव्र अल्कधर्मी झालेले पाणी हवे, आणि मग वेळ हवा. आपण परीक्षेच्या पहिल्या अर्ध्या तासात पेपर काढून घेतला होता आणि पोरगे नापास म्हणून ओरडत होतो.

बीआयएसलाही हे ठाऊक आहे. ५३ ग्रेडच्या सिमेंटने ३ दिवसांना २७, ७ दिवसांना ३७ आणि २८ दिवसांना ५३ दिले पाहिजे. पीपीसीला हीच किमान अट १६, २२ आणि ३३ अशी आहे. आणि फ्लाय ॲशच्या आयएस ३८१२ मध्ये २८ दिवसांना साध्या मॉर्टरच्या ८० टक्के ताकद आली तरी राख पास आहे. म्हणजे प्रमाणपत्र देणारेसुद्धा २८ दिवसांना बरोबरीची अपेक्षा धरत नाहीत.

२८ दिवसांना चित्र पालटले. २० टक्केवाले साध्याच्या अगदी जवळ येऊन उभे राहिले, ३० वाले अजून मागे होते. दळलेल्या बगॅस राखेने आम्हाला खरा धक्का दिला, ती साध्याच्या बरोबरीला होती. कच्ची मात्र होती तिथेच. तीच राख, त्याच कारखान्याची, त्याच पोत्यातली, फक्त एक चाळणी आणि चार तासांचे दळण, यामुळे इतके अंतर. ५६ दिवसांना फ्लाय ॲशच्या २० टक्क्यांचे आणि साध्याचे क्यूब मिसळून ठेवले असते तर मशीनला ओळखता आले नसते.

आता गच्चीची गोष्ट, कारण मामाचे उत्तर तिथे होते. वाळत घातलेल्या बनियनांच्या रांगेखाली ते सहा क्यूब २८ दिवस पडून होते. थेंबभर पाणी दिले नाही. साध्या सिमेंटचेही टाकीतल्या भावांपेक्षा कमी आले, ते अपेक्षितच होते. पण फ्लाय ॲशचे गच्चीवरचे क्यूब हातात घेतले तर कोपरे नखाने खरवडले जात होते, बोटांना पीठ लागत होते. ताकद टाकीतल्या त्याच मालाच्या सात दिवसांच्या आकड्यापुढे जेमतेम सरकली होती. मालाच्या आतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या खाली गेली की जलीकरण जवळजवळ थांबते, असे पुस्तकात असते. साध्या सिमेंटचे बरेचसे काम तोवर उरकलेले असते. राखेचे तर तेव्हा कुठे सुरू व्हायचे असते. उन्हाने तिच्या तोंडातला घास काढून घेतला.

म्हणजे मिस्त्री खोटे बोलत नव्हते. त्यांनी पीपीसीचा गिलावा भुसभुशीत झालेला डोळ्यांनी पाहिला असणार. उन्हाळी ट्रेनिंगला मी ज्या साइटवर होतो तिथेही तेच पाहिले होते: दोन दिवस नळीने शिंपडायचे, तिसऱ्या दिवशी पाणी मारणारा दुसऱ्या मजल्यावर, आणि महिन्याने किल्लीने रेघ ओढली की वाळू झरायची. दोष मात्र पोत्याला. आयएस ४५६ काँक्रीटसाठी साध्या सिमेंटला किमान ७ दिवस आणि राखेच्या सिमेंटला किमान १० दिवस पाणी सांगते, तेही किमान, आणि मिश्र सिमेंटला १४ दिवसांची शिफारस करते. हे तीन दिवस जादा कुणी देत नाही.

दुसरी बाजूही पाहा. विटांच्या भिंतीला ताकद लागते तरी किती? आयएस २२५० प्रमाणे एकास सहाच्या मालाचा दर्जा एमएम ३, म्हणजे २८ दिवसांना तीन न्यूटन. आपल्याकडची गावभट्टीची वीटच मुळात साडेतीनच्या आसपासची. त्या विटेभोवती फार कडक माल लावला तर भिंत जराशी हलली की एकच मोठी चीर विटेतून जाते. मऊ माल असेल तर तीच हालचाल सांध्यासांध्यांत केसाएवढ्या रेषांमध्ये विरून जाते. त्यामुळे "त्रेपन्नच पाहिजे" हा भिंतीसाठी तरी उगाच हट्ट आहे. उलट एकास सहाचा माल खरबरीत असतो, त्यात राखेच्या बारीक कणांनी पोकळ्या भरतात आणि थापीखाली माल लोण्यासारखा चालतो. लॅबमधला एकास तीनचा क्यूब हा राखेची परीक्षा आहे, मामाच्या भिंतीची नव्हे. दोन्हींची गल्लत करून आपण घाबरतो.

मार्चमध्ये मामाला फोन केला. तोवर दुकानात दुसरे मिळेना म्हणून भिंती पीपीसीतच उभ्या राहिल्या होत्या, गिलावा बाकी होता. म्हटले, "मामा, राखेचं सिमेंट चांगलं आहे, पण गिलाव्याला दहा दिवस ओल पाहिजे. चौदा दिलीत तर उत्तमच." पलीकडे जरा वेळ शांतता. मग, "अरे, प्यायला टँकर येतोय आठ दिवसांनी. भिंतीला दहा दिवस पाणी कुठनं आणू?" हा मुद्दा कुठल्याही कोडमध्ये नाही. मी उद्या सांगतो म्हणालो आणि सरांकडे गेलो. सर म्हणाले, पाणी नसेल तर गिलावा करायचाच नाही, थांबायचे. घाईच असेल तर मग साधे सिमेंट घ्या, निदान त्याचे पहिल्या आठवड्यातच बरेच काम होते, पण तेही कोरडे ठेवून चालणार नाही. मामाने थांबायचे ठरवले. स्लॅब झालेलाच आहे, आतला गिलावा पावसाळा लागल्यावर, ओल्या हवेत, गोणपाट लावून करणार आहे. मिस्त्रींनीही याला होकार दिला, फक्त "हे मी आधीच म्हणत हुतो" असे वर जोडले.

जाता जाता, पर्याय म्हणजे फक्त सावकाश चालणारी राख, असे समजू नका. पोलाद कारखान्याची दळलेली मळी, म्हणजे स्लॅग, तर ७० टक्क्यांपर्यंत स्लॅग सिमेंटमध्ये चालते. आणि ज्याला एलसी थ्री म्हणतात त्यात क्लिंकर निम्मेच: ५० टक्के क्लिंकर, ३० टक्के आठशे अंशांच्या आसपास भाजलेली केओलिनची माती, १५ टक्के न भाजलेली चुनखडी आणि ५ टक्के जिप्सम. ही भाजलेली माती फ्लाय ॲशपेक्षा कितीतरी चपळ असते, सातव्या दिवशीच साध्या सिमेंटच्या जवळ जाते. २०२३ साली बीआयएसने या सिमेंटचे स्टँडर्डही काढले. सुरखीची ही नातवंडेच म्हणायची. सिंधुदुर्गात केओलिन आहे, तिकडच्या कोणाला पुढच्या वर्षी विषय हवा असेल तर जरूर घ्या.

राहता राहिले ९० दिवसांचे क्यूब. ५ फेब्रुवारी अधिक ९० म्हणजे ६ मे. सबमिशन १० एप्रिलला. रिपोर्टच्या तक्त्यात शेवटचा रकाना रिकामा. आदल्या रात्री दीड वाजता आमच्यापैकी एकजण (नाव सांगत नाही, आम्ही चौघेही होतो) म्हणाला, "अरे, चढता ग्राफ आहे. पुढचा ठिपका कुठे येणार ते दिसतंच आहे. टाकून दे." जर्नलमध्ये रीडिंग कुक करणे हा काही आपल्या होस्टेलला नवीन पदार्थ नाही. मी पेन घेतलेही होते. पण त्या चढत्या ग्राफवर विश्वास ठेवून सात दिवसांना मी काय भाकीत केले होते, ते आठवले. आणि खरे सांगायचे तर मामाला मी जे फोनवर सांगितले होते त्यातला अर्धा भाग या रकान्यावर उभा होता. ३० टक्केवाले बरोबरीला येतात की नाही, हे मला अजून ठाऊक नाही. रकाना रिकामा गेला. खाली लिहिले: "क्यूब टाकीत आहेत."

वायव्हाला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमके तेच पान उघडले. रिकामा का, म्हणून विचारले, आम्ही सांगितले. त्यांनी पुढचा प्रश्न टाकला, "टाकीतलं पाणी दर सात दिवसांनी बदललंत?" कोडमध्ये तसे आहे खरे. आम्ही एकमेकांकडे पाहिले आणि नाही म्हणालो. दोनदा चुकले होते, एकदा गॅदरिंगच्या आठवड्यात. तेही लिहा, म्हणाले. रिपोर्टच्या शेवटच्या पानावर ते हाताने लिहिले आहे.

म्हणून हा लेख वाचणाऱ्या सर्वांना, विशेषतः लॅबच्या काकांना आणि सुट्टीत साफसफाई करणाऱ्या मंडळींना, एक विनंती. दरवर्षी मे महिन्यात क्युअरिंगची टाकी रिकामी करून उरलेले क्यूब मागच्या भिंतीजवळ टाकतात, हे माहीत आहे. टाकीच्या खिडकीकडच्या कोपऱ्यात पंधरा क्यूब आहेत, लाल ऑइल पेंटने नंबर टाकलेले. ६ मे रोजी आमचा पेपर सकाळचा आहे. दुपारी तीनपर्यंत आम्ही येतो. तोवर टाकीचा बोळा काढू नये.